धैर्यशालिनी डॉ. रखमाबाई

आपल्या महिला मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र असावे, अशी आपली पद्धत आहे. यंदा ते काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले. कोणाचे चरित्र लिहावे, याचा मला फार विचार करावा लागला नाही. मंडळाची बैठक संपली की दोन-चार जणी हमखास मागे रेंगाळतात आणि मुलींच्या शिक्षणाचा विषय निघतो. कोणाच्या लेकीला डॉक्टर व्हायचे असते, कोणाच्या नातीला दंतवैद्य. बारावीनंतर काय करायचे, किती वर्षे लागतात, खर्च किती येतो, आणि हे सगळे होईपर्यंत मुलीचे वय किती होईल, हे प्रश्न ठरलेले. शेवटचा प्रश्न विचारताना आवाज थोडा खाली येतो. त्या शेवटच्या प्रश्नासाठीच मी डॉ. रखमाबाईंचे चरित्र निवडले आहे.

आपण येरवडेकर. बाहेरगावी लग्नकार्याला गेलो आणि राहता कोठे असे कोणी विचारले, की येरवडा म्हणताच समोरच्याच्या चेहऱ्यावर हसू येते; तुरुंगाची नाहीतर वेड्यांच्या इस्पितळाची थट्टा ठरलेलीच. आपल्याला त्याची सवय झाली आहे. या तुरुंगात महात्मा गांधी राहिले, सरोजिनी नायडू राहिल्या, १९३२ चा पुणे करार येथेच झाला. त्यामुळे तुरुंग म्हटल्यावर आपल्या मनात नुसता संकोच येत नाही, थोडा अभिमानही येतो. परंतु स्वातंत्र्याच्या चळवळीत स्त्रिया तुरुंगात जाऊ लागल्या, त्याच्या चाळीसएक वर्षे आधी मुंबईच्या एका बावीस वर्षांच्या मुलीने न्यायालयाला सांगितले होते, की मनाविरुद्ध नांदायला जाण्यापेक्षा मी तुरुंग पत्करीन. वर्ष होते १८८७. तीच मुलगी पुढे डॉक्टर रखमाबाई झाली.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग, आईचे जयंतीबाई. रखमाबाई अगदी अजाण असतानाच वडील वारले आणि जयंतीबाईंना विशीच्या आत वैधव्य आले. ज्ञाती सुताराची. ब्राह्मणादी जातींत त्या काळी विधवेच्या वाट्याला केशवपन आणि घराचा कोपरा येई. या ज्ञातीत मात्र पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. १८५६ च्या विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्याने अशा विवाहाला मान्यता दिली होती, पण पुन्हा लग्न करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जात असे. म्हणून जयंतीबाईंनी ती मालमत्ता लेकीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वाचकभगिनींनी ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या खटल्यात तिचा उल्लेख येणार आहे.

सावत्र बाप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र येते. डॉ. सखाराम अर्जुन तसे नव्हते. ते मुंबईच्या ग्रॅण्ट मेडिकल कॉलेजात शिकलेले वैद्य आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांपैकी दोघेच हिंदी गृहस्थ होते; त्यांतले एक हे सखाराम अर्जुन. त्यांच्या घरी पुस्तके होती आणि सुधारक मंडळींची ये-जा होती. आपल्या स्वतःच्या मुलीसारखेच त्यांनी रखमाबाईंना वाढवले.

तरीसुद्धा रखमाबाईंचे लग्न त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी झालेच. एवढ्या शहाण्या घरालाही रूढी मोडवली नाही, यावरून त्या काळची कल्पना यावी. नवरा दादाजी भिकाजी हे सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातले, वयाने एकोणीस-वीस वर्षांचे. दादाजींनी सासुरवाडीस राहावे, शिकावे आणि चार पैसे मिळवण्याजोगे व्हावे, अशी बोलणी होती. ती फळाला आली नाहीत. दादाजी आपल्या मामांकडे राहायला गेले आणि त्यांचे शिक्षण सुटले. त्यांची प्रकृती चांगली नाही आणि त्यांना कर्जही झाले आहे, असे पुढे रखमाबाईंच्या बाजूने न्यायालयात सांगण्यात आले. इकडे सखाराम अर्जुन स्वतः डॉक्टर. कोवळ्या मुलीला सासरी पाठवले तर तिच्या शरीराचे काय होते, हे त्यांनी रोग्यांत पाहिले होते. त्यांनी मुलीला पाठवले नाही.

शाळा लग्नाबरोबर सुटली. पुढचे सारे शिक्षण घरी, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. घरातली कामे उरकून ही मुलगी इंग्रजी शिकत होती. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढला आणि लवकरच त्याची शाखा मुंबईत निघाली. तिच्या बैठकींना रखमाबाई जात. आपल्यासारख्याच बायका एकत्र बसून बोलतात, वाचतात, प्रश्न विचारतात, हे त्यांनी तेथे पाहिले. भगिनींनो, आपण आपल्या मंडळाला कधी कधी हळदीकुंकवापुरते समजतो. पण अशाच बैठकींतून त्या काळी केवढे बळ मिळत होते, ते पाहा.

१८८४ साली दादाजींनी बायकोला नांदायला पाठवावे म्हणून नोटीस दिली आणि मग मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. मुलीच्या नावावरच्या मालमत्तेवर नवऱ्याकडच्यांचा डोळा आहे, असे तिच्या घरचे म्हणत. उलट मालमत्ता हातची जाऊ नये म्हणून आजोबा आणि आईच मुलीला अडवून धरतात, असे दादाजींचे म्हणणे. रखमाबाईंचे स्वतःचे म्हणणे साधे होते. मी अजाण असताना हे लग्न लावले गेले. त्याला माझी संमती नव्हती आणि आज मी सज्ञान झाल्यावर मला तेथे जायचे नाही. हिंदू स्त्रीने न्यायालयात उभे राहून आपल्या संमतीचा प्रश्न काढावा, ही गोष्टच नवी होती. हे सारे चालू असतानाच एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन वारले आणि घरातला मोठा आधार गेला.

त्याच वर्षी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीने टोपणनावाने लिहिलेली पत्रे आली. एक बालविवाहावर, दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिची पाटी काढून घेतात आणि ज्या वयात बुद्धी वाढायची त्याच वयात तिला स्वयंपाकघरात कोंडतात, हा त्यांचा मुद्दा. पत्रे रखमाबाईंचीच होती, हे पुढे सर्वांना कळले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यांची विचारसरणी अशी, की एकत्र राहिलेले नवराबायको वेगळे झाले तर त्यांना पुन्हा एकत्र आणण्यासाठी ही तजवीज विलायतेच्या कायद्यात आहे. येथे तर ही मुलगी नवऱ्याकडे कधी नांदलीच नाही. असहाय बालवयात जिचे लग्न लावले, तिला आता जबरदस्तीने त्याच्या घरात ढकलण्याचे काम न्यायालयाने करू नये. या निकालाने एकच गहजब झाला. धर्म बुडाला, घरे मोडणार, शिकलेल्या बायका नवऱ्यांना सोडून जाणार, अशी ओरड सुरू झाली. आपल्या पुण्याच्या केसरीनेही रखमाबाईंवर कडक टीका केली. परक्या सरकारच्या न्यायालयाने आमच्या घरच्या रीतीत हात घालू नये, असा त्या टीकेमागचा एक विचार होता, हे मान्य करावे लागेल. परंतु त्या भांडणात चिरडली जात होती ती एक एकटी मुलगी.

दादाजींनी अपील केले. १८८६ मध्ये मुख्य न्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पहिला निकाल फिरवला आणि दावा पुन्हा चालवायला पाठवला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की रखमाबाईंनी महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करली.

येथे मला एका तारखेची आठवण द्यावीशी वाटते. हा हुकूम होण्याच्या आधी आठवडाही झाला नव्हता, तोच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या. अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या आल्या होत्या, आणि एकविसाव्या वर्षीच क्षयाने गेल्या. दोघींच्या वयात काही महिन्यांचेच अंतर. एकीचा नवरा तिने डॉक्टर व्हावे म्हणून हट्ट धरणारा, दुसरीचा नवरा तिला घरी आणण्यासाठी न्यायालयात गेलेला. मुलीचे शिक्षण नवऱ्याच्या मर्जीवर लटकत होते, मग ती मर्जी बरी असो की वाईट. रखमाबाईंनी झगडा केला तो या मर्जीच्या पलीकडे जाण्यासाठी.

खटल्याचा गाजावाजा विलायतेपर्यंत पोचला. बेहरामजी मलबारी यांच्यासारख्या सुधारकांनी मदतीसाठी समिती उभी केली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची हकीकत जगापुढे मांडली. अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हुकुमाची अंमलबजावणी मागायची नाही असे कबूल केले, आणि रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत. राणी व्हिक्टोरियाने लग्न रद्द केले अशी एक आख्यायिका आपल्याकडे सांगतात. वस्तुस्थिती मात्र ही तडजोडीची आहे. दादाजींनी दुसरे लग्न केले. रखमाबाईंनी केले नाही.

आता पुढे काय? वय तेवीस, शाळा अकराव्या वर्षी सुटलेली, नाव बरेवाईट सर्वांच्या तोंडी. अशा वेळी त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरवले. घरात लहानपणापासून वैद्यकी पाहिलेली होती, आणि देशाला स्त्री-डॉक्टरांची केवढी गरज होती, ते उघड दिसत होते. पडद्यातल्या, सोवळ्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडी दाखवीत नसत, मरण पत्करीत. १८८२ च्या हंटर कमिशनपुढे पुण्यात साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी हीच निकड सांगितली होती, आणि १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाने स्त्रियांच्या औषधोपचारासाठी फंड निघाला होता.

परंतु डॉक्टर होणे म्हणजे नुसते अभ्यासाला बसणे नव्हे. त्याला वाट लागते, आणि ती वाट त्या काळी नुकतीच कोठे फुटत होती. विलायतेतसुद्धा बायकांना सुखासुखी कोणी आत घेतले नव्हते. १८६९ साली एडिंबरोच्या विद्यापीठात काही स्त्रियांनी वैद्यकीचा अभ्यास सुरू केला. त्यांच्या अंगावर चिखल उडाला, दरवाजे बंद झाले, अभ्यास करूनही पदवी नाकारण्यात आली. त्यांतल्या सोफिया जेक्स-ब्लेक यांनी चिकाटी धरून १८७४ मध्ये लंडनला स्त्रियांसाठी वेगळे वैद्यकीय विद्यालय काढले. विद्यालय निघाले तरी रोगी कोठे पाहायचे? १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने आपल्या खाटा त्यांना खुल्या केल्या, तेव्हा तो प्रश्न सुटला. मग परीक्षा कोण घेणार? आयर्लंडच्या वैद्यकमंडळाने घेतली, पुढे लंडन विद्यापीठाने घेतली, १८८६ पासून स्कॉटलंडच्या वैद्यकमंडळांची संयुक्त परीक्षाही स्त्रियांना खुली झाली. आपल्याकडे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्येच चार स्त्रियांना प्रवेश दिला होता आणि मुंबईच्या ग्रॅण्ट मेडिकल कॉलेजाचे दार १८८३ पासून उघडले होते. एकेक दार असे कोणीतरी हाताने ढकलून उघडले आहे.

त्या एडिंबरोच्या स्त्रियांपैकीच एक, डॉ. एडिथ पेची, १८८३ मध्ये मुंबईस आल्या आणि कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. ज्यांच्या पदवीची वाट स्वतः अडवली गेली होती, त्या बाईंनी रखमाबाईंचा हात धरला. त्यांच्या खटपटीने आणि डफरिन फंडाच्या व इतर हितचिंतकांच्या मदतीने पैशाची सोय झाली. १८८९ मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या आणि लंडनच्या त्याच स्त्रियांच्या विद्यालयात दाखल झाल्या. तेथे वॉल्टर आणि ईव्हा मॅक्लॅरेन या दांपत्याचा त्यांना मोठा आधार मिळाला. ज्या मुलीने अकराव्या वर्षानंतर शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ती पंचविसाव्या वर्षी परक्या थंड देशात, परक्या भाषेत शरीररचना, रसायन, औषधे, प्रसूतिशास्त्र शिकू लागली. अभ्यास चालू असतानाही १८९० मध्ये तेथील एका मासिकात त्यांनी आपल्याकडच्या बालविवाहांवर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी, १८९१ मध्ये, हिंदुस्थानात संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारावर आले. आज बारा हा आकडा वाचून आपल्या अंगावर काटा येतो. त्या काळी तेवढ्यासाठीही रणकंदन झाले. रखमाबाईंच्या खटल्याने आधी उठलेली चर्चा या कायद्याला उपयोगी पडली.

रॉयल फ्री हॉस्पिटलात रोग्यांच्या खाटांपाशी उभे राहून शिकणे, स्कॉटलंडची परीक्षा, आणि शेवटी ब्रुसेल्सच्या विद्यापीठाची एम. डी. ही पदवी, असा टप्प्याटप्प्याचा प्रवास करून १८९४ मध्ये रखमाबाई डॉक्टर झाल्या. पाच वर्षे लागली. भगिनींनो, हा पाच वर्षांचा आकडा लक्षात ठेवा.

परत आल्यावर थोड्याच दिवसांत त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. मराठी मुलूख सोडून गुजरातेत, एकट्या राहणाऱ्या, खटल्यामुळे नाव झालेल्या बाईकडे बायकांनी यावे कसे? त्या आल्या, हळूहळू येत राहिल्या. वीसहून अधिक वर्षे त्यांनी सुरतेत काढली. सरकारी महिला वैद्यकीय सेवेत येण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि १९१८ च्या सुमारास राजकोटला गेल्या. तेथल्या जनाना रुग्णालयात १९२९-३० च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्या होत्या. म्हणजे एकूण पस्तीस वर्षांची वैद्यकी. किती बाळंतपणे, किती रात्रीअपरात्रीच्या फेऱ्या, किती घाबरलेल्या पहिलटकरणी! निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडद्याच्या चालीविरुद्ध एक पुस्तिकाही लिहिली. पडद्याने बायकांच्या फुप्फुसांचे आणि हाडांचे काय होते, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेली माणसे थोडी असतील.

एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ज्याच्याकडे नांदायचे नाही म्हणून कैद पत्करली, त्याच्यासाठी पांढरे लुगडे! काही जणी म्हणतील ही हार झाली. मला तसे वाटत नाही. चालीरीतींचा द्वेष म्हणून त्या लढल्या नव्हत्या. आपले शरीर आणि आपली बुद्धी कोणाच्या स्वाधीन करायची, एवढे ठरवायचा हक्क त्यांनी मागितला होता. तो मिळाल्यावर कोणते लुगडे नेसायचे, हेही त्यांचे त्यांनी ठरवले.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या कायद्याने त्यांना कैद सुनावली होती, त्यातली कैदेची शिक्षा १९२३ मध्येच काढून टाकण्यात आली होती. ते त्यांच्या हयातीत झाले, हे बरे झाले.

आता आपल्या बैठकीतल्या प्रश्नांकडे वळते. रखमाबाई लंडनला शिकत होत्या, त्याच सुमारास लिलियन मरे नावाची एक इंग्रज मुलगी दंतवैद्य व्हायचे म्हणून लंडनच्या एका दंतरुग्णालयाकडे गेली. आतले विद्यार्थी विचलित होतील म्हणून तिची मुलाखत बाहेर पदपथावरच घेऊन तिला परत पाठवण्यात आले. ती एडिंबरोला गेली आणि १८९५ मध्ये ब्रिटनमधील पहिली पदवीधारक स्त्री-दंतवैद्य झाली. आपल्या देशात तर तेव्हा दंतवैद्यकाचे एकही महाविद्यालय नव्हते. दात दुखला की वैदूकडे जायचे, नाहीतर लवंगेचा बोळा धरून रात्र काढायची. डॉ. रफीउद्दीन अहमद अमेरिकेत शिकून आले आणि १९२० मध्ये त्यांनी कलकत्त्यास पहिले दंत महाविद्यालय काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मध्ये निघाले. १९४८ च्या कायद्याने दंतवैद्य, दंतआरोग्यक आणि दंतयांत्रिक अशा तिघांच्या नोंदणीची सोय झाली.

आज ही वाट मुलींसाठी पूर्ण खुली आहे. दंतवैद्य व्हायचे तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. मग नीट ही देशव्यापी परीक्षा, आणि तिच्या गुणांवर राज्याच्या प्रवेशफेऱ्या. बी.डी.एस. पदवीला चार वर्षे अभ्यास आणि एक वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष काम, अशी पाच वर्षे. पुढे विशेष प्राविण्य हवे असेल तर एम.डी.एस.ची आणखी तीन. सरकारी दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तेथे फी बरीच कमी, पण गुण जास्त लागतात. आपल्या पुण्यात खाजगी महाविद्यालये आहेत, एक तर नदीपलीकडे कॅम्पातच, आझम कॅम्पसमध्ये. ज्या मुलीला एवढा लांबचा पल्ला नको असेल, तिच्यासाठी दंतआरोग्यकाची दोन वर्षांची पदविका आहे. दातांवरचे कीटण काढणे, हिरड्यांची निगा शिकवणे, ही कामे ती दंतवैद्याच्या देखरेखीखाली करते. हा व्यवसाय अमेरिकेत १९०६ च्या सुमारास सुरू झाला आणि आरंभापासून तो बायकांनीच वाढवला. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला रीतसर मान्यता आहे ना, हे स्वतः पाहून घ्यावे. नुसत्या जाहिरातीवर विसंबू नये.

म्हणजे दंतवैद्य व्हायला पाच वर्षे. रखमाबाईंना लंडनला पाचच लागली होती. मधल्या सव्वाशे वर्षांत वर्षांचा आकडा बदलला नाही. बदलले ते दाराबाहेरचे. आज मुलीला बोट धरायला परदेशी डॉक्टरीण लागत नाही, बोटीचे तिकीट लागत नाही, न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. तरी माझ्या पाहण्यात अशी घरे आहेत, जेथे तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीसाठी चांगले स्थळ आले आणि उरलेले शिक्षण सासरी पूर्ण करील, असे ठरवून लग्न उरकले गेले. काही सासरी ते झाले. काही ठिकाणी पुस्तके माळ्यावर गेली. आईबाप वाईट नव्हते, सासरही दुष्ट नव्हते; फक्त त्या मुलीला कोणी विचारले नव्हते. डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्या जाणत्या माणसाकडूनही अकरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत हेच झाले होते, हे विसरू नये.

म्हणून वय किती होईल, या प्रश्नाला माझे उत्तर असे. सतराव्या-अठराव्या वर्षी प्रवेश घेतलेली मुलगी बावीस-तेवीसाव्या वर्षी दंतवैद्य होते. त्या वयाला रखमाबाईंचा खटला संपत होता आणि अभ्यासाला अजून सुरुवातही व्हायची होती. तीस पुरी होण्याच्या सुमारास त्या डॉक्टर झाल्या आणि त्यानंतर पस्तीस वर्षे त्यांनी काम केले. आपल्या मुलीचे वय जात आहे असे वाटेल तेव्हा हा हिशोब मनाशी करावा.

आपले मंडळ लहान आहे. शिष्यवृत्त्या देण्याइतके द्रव्य आपल्याजवळ नाही. पण एक गोष्ट आपल्या हातची आहे. प्रवेशाचा अर्ज भरण्याच्या दिवसांत ज्यांना ही माहिती आहे त्यांनी ती दुसरीला द्यावी, आणि आपल्या ओळखीच्या घरात शिकणाऱ्या मुलीचे स्थळ चालून आले तर तिच्या आईला एकदा विचारावे, की तुम्ही लेकीला विचारलेत का? एवढे केले तरी रखमाबाईंचे स्मरण केल्यासारखे होईल. मंडळाच्या सर्व भगिनींना वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन हा लेख पुरा करते.